हुराकान की ९११? कोल्हापुरात कुठली गाडी नांदेल

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

'शिरोली एमआयडीसीत माझी फाउंड्री आहे. वय ४८. विसाव्या वर्षापासून एक स्पोर्ट्‌स कार घ्यायची मनात आहे, आता देवाच्या कृपेनं जमतंय. सगळं धरून तीन कोटी, कर्ज काढायचं नाही. मुंबईत एका विक्रेत्याकडं २०१८ ची लॅम्बोर्गिनी हुराकान आहे, ११ हजार किलोमीटर चाललेली, पासिंग बाहेरच्या राज्याचं. दोन कोटी चाळीस लाख म्हणतोय आणि आठवड्याभरात टोकन द्या म्हणतोय. दुसरा विचार नव्या पोर्शे ९११ कॅरेराचा. मित्र म्हणतात, एवढे पैसे घालणार तर फेरारीच घे. बायको म्हणते, घ्या, पण दारात झाकून ठेवायला घेऊ नका. आईला एकदा तरी शेजारी बसवून जोतिबाला न्यायचं आहे. मुलगा सतराचा आहे, तो हुराकानच्या बाजूनं. शिवाय फाउंड्रीच्या नावावर घेतली तर फायदा होतो का, आणि रंग कोणता घ्यावा, तेही सांगा.'

नमस्कार.

आधी निर्णय सांगतो, कारणं मागून देतो. नवी ९११ घ्या. मुंबईतल्या त्या हुराकानला या आठवड्यात टोकन देऊ नका. कुठल्याही चांगल्या गाडीची कागदपत्रं तपासायला आठवड्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि घाई करणारा विक्रेता नेमका तोच वेळ तुमच्याकडून काढून घेत असतो.

हुराकान वाईट गाडी आहे म्हणून हे सांगत नाही. उलट तिचं मोठेपण आधी मान्य करायला हवं, म्हणजे आपण काय सोडतोय ते नीट कळेल. २०१४ मध्ये ती आली तेव्हा तिच्या पाठीत ५.२ लिटरचं, टर्बो नसलेलं, दहा सिलिंडरचं इंजिन होतं. ६१० अश्वशक्ती, आणि ती पूर्ण ताकद ८,२५० आरपीएमला. हे इंजिन वर चढत जातं तेव्हा जो आवाज येतो तो आता नव्या गाडीत मिळणार नाही. २०२४ मध्ये हुराकानचं उत्पादन थांबलं. तिच्या जागी आलेल्या तेमेरारियोत चार लिटरचं ट्विन टर्बो व्ही-आठ इंजिन आणि तीन विजेच्या मोटरी आहेत. ती गाडी कितीतरी जास्त वेगवान आहे, पण तिची जात वेगळी. म्हणून विसाव्या वर्षापासून तुमच्या मनात नेमका तो दहा सिलिंडरचा आवाजच असेल, तर माझा सल्ला बाजूला ठेवून हुराकानच शोधा. फक्त ही नव्हे, कागद चोख असलेली दुसरी. पत्रात मात्र तुम्ही आवाजाबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. आईबद्दल लिहिलंय, जोतिबाबद्दल लिहिलंय, झाकून ठेवलेल्या गाडीबद्दल लिहिलंय. मी त्यावरून सांगतोय.

वहिनींचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. अशा गाड्या वापरून जेवढ्या बिघडतात, तेवढ्याच न वापरल्यानं बिघडतात. बॅटरी उतरते, टायरना एका बाजूला सपाटी येते, रबरी सील सुकतात, वायरिंगवर उंदीर ताव मारतात. ११ हजार किलोमीटर हा आकडा ऐकायला गोड लागतो, पण इतक्या वर्षांत एवढीच चाललेली गाडी बहुतेक काळ उभी होती, हाही त्याचा अर्थ आहे. मग प्रश्न असा की कोल्हापुरात राहून कुठली गाडी तुम्ही दर रविवारी बाहेर काढाल? सकाळी काढली, आंबा घाटापर्यंत गेलात, साखरप्याच्या अलीकडून मागे फिरलात, दुपारच्या जेवणाला घरी. ज्या गाडीत हे विचार न करता होतं, ती तुमची.

लॅम्बोर्गिनीची अधिकृत दालनं देशात मुंबई, दिल्ली आणि बेंगळुरूला. तुम्हाला मुंबई जवळची, म्हणजे पावणेचारशे किलोमीटर. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की गाडी फ्लॅटबेड ट्रकवर चढवून पाठवायची, आणि सातारा-कागल पट्ट्यात रुंदीकरणाची कामं नि वळणरस्ते तुम्ही रोज बघता, त्यातून ती जाणार. पोर्शेसाठीही अधिकृत केंद्र गाठायला लांबच जावं लागेल, त्यात फसवणूक करून घेऊ नका. फरक पडतो तो किती वेळा जावं लागेल यात. नवी गाडी वॉरंटीत असते. आणि ९११ ही रोज वापरायची गाडी म्हणूनच वाढलेली आहे. १९६३ मध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हापासून सहा सिलिंडरचं आडवं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. साठ वर्षं एकाच मांडणीवर काम करत राहिल्यानं तिच्यातल्या खोडी एकेक करून काढल्या गेल्यात. जर्मनीत माणसं ती घेऊन ऑफिसला जातात, पावसात, बर्फात.

पावसाचा विषय निघालाच आहे. सध्याच्या पिढीच्या ९११ मध्ये ओल्या रस्त्यासाठी वेगळा मोड आहे. पुढच्या चाकांच्या कमानीतले सेन्सर चाकानं उडवलेल्या पाण्याचा आवाज टिपतात आणि रस्ता ओला आहे अशी सूचना चालकाला देतात. मग तो मोड लावला की गाडीचे प्रतिसाद मवाळ होतात. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात गाडी चालवणाऱ्याला ही सोय म्हणजे शोभेची वस्तू नाही.

ग्राउंड क्लिअरन्सच्या बाबतीत मात्र ९११ ला झुकतं माप देणार नाही. दोन्ही गाड्या खालीच आहेत. रस्ता-गतिरोधकाची आपल्याकडची प्रमाणित उंची दहा सेंटिमीटर, आणि तो ३.७ मीटर रुंद असावा असं इंडियन रोड्‌स काँग्रेसचं मानक सांगतं. तसा गतिरोधक असेल तर दोन्ही गाड्या निघतात. पण गावागावांत लोकांनी रातोरात घातलेले उंच, अरुंद बांध असतात, तिथं नाक घासणारच. म्हणून ९११ घेताना पुढचा अॅक्सल उचलणारी लिफ्ट ऑर्डरमध्ये घालाच. बटण दाबलं की नाक साधारण चार सेंटिमीटर वर येतं. दुसऱ्या सगळ्या ऐच्छिक गोष्टी सोडल्या तरी चालेल, ही सोडू नका. ऐच्छिक गोष्टींच्या यादीत वाहून जायला भरपूर वाव आहे, नुसत्या शिलाईच्या रंगालाही वेगळे पैसे पडतात.

आणखी एक गोष्ट ऑर्डर देतानाच बघायची. २०२४ च्या सुधारित कॅरेरा कूपेत कंपनीनं मागची दोन आसनं मूळ रचनेतून काढली आणि हवी असणाऱ्याला जादा पैसे न घेता द्यायचं ठरवलं. तुम्ही ती मागून घ्या आणि ऑर्डरच्या कागदावर आहेत याची खात्री करा. मोठ्या माणसाला तिथं बसवू नका, आईंना तर मुळीच नको. पण पिशव्या, नारळ-गुलालाची टोपली, एखादं लहान मूल यांना ती जागा उपयोगी पडते. आईंसाठी पुढचं आसन. त्यांना एकदा दालनात घेऊन जा आणि बसून-उठून बघू द्या. ९११ चं आसन खाली आहे, तरी दार मोठं उघडतं आणि पाय आत घेता येतो. हुराकानमध्ये जवळजवळ जमिनीवर बसावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठवायला दोघं लागतात. या एका गोष्टीवर मी निर्णय सोडला असता तरी उत्तर तेच आलं असतं.

पैशाचं बघू. कॅरेरा २०२४ च्या मे महिन्यात आपल्याकडे आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत १ कोटी ९९ लाख होती. आज दालनातून ताजा आकडा घ्या, तो वरच असणार. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी मोटार वाहन कर. त्याची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली आहे आणि या किमतीच्या गाडीला तुम्ही त्या मर्यादेपर्यंत पोचाल असंच धरून चला. टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं गोळा करायचा आयकर, एक टक्का, पण तो विवरणपत्रात वजा होतो. मग विमा. लिफ्ट आणि थोड्या ऐच्छिक गोष्टी धरल्या तरी तीन कोटींच्या आत बसायला हवं, आणि उरलेली रक्कम गाडीच्या नावानं वेगळी ठेवा. माझं मत असं की अशा गाडीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम पहिल्या दिवशीच बाजूला काढलेली असावी. टायर, विमा, ब्रेक, एखादी फुटलेली चाकाची रिम. हे सगळं त्यातून गेलं की मन खट्टू होत नाही.

या गाड्या बाहेरून पूर्ण बनून येतात, म्हणून शंभर टक्क्यांच्या वर आयात शुल्क लागतं. युरोपीय संघाबरोबरच्या व्यापार करारामुळं ते पुढं टप्प्याटप्प्यानं, ठरावीक संख्येच्या गाड्यांसाठी उतरण्याची शक्यता आहे. त्यामुळं बुकिंग करताना एक प्रश्न विचाराच: गाडी हातात येईपर्यंत शुल्क कमी झालं तर किंमत कमी होणार का? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या.

फाउंड्रीच्या नावावर घ्यायचं म्हणता. कर सल्लागाराशी बोला, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. प्रवासी मोटारीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे धंद्याच्या जीएसटीतून वजावट, उत्पादक कंपनीला मिळत नाही, कायद्यानंच ते अडवलेलं आहे. घसारा मिळतो, पण गाडी धंद्यासाठी वापरली जाते हे दाखवावं लागतं, आणि दोन दारांच्या गाडीच्या बाबतीत ते दाखवताना कुणालाही घाम फुटेल. हौसेची गाडी आहे, स्वतःच्या नावावर, कर भरलेल्या पैशातून घ्या. झोप चांगली लागते.

आता त्या हुराकानकडे वळतो. ही नाही तर उद्या दुसरी कुठलीतरी वापरलेली गाडी समोर येईल, म्हणून सविस्तर लिहितो.

बाहेरच्या राज्याचं पासिंग हा पहिला खटका. महागड्या गाड्या कमी कराच्या राज्यात किंवा केंद्रशासित प्रदेशात नोंदवायच्या आणि चालवायच्या मात्र मुंबई-पुण्यात, हा जुना खेळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या गाडीची तिथं नव्यानं नोंदणी करावी लागते. म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडचा कर, आणि तो झाला की दोन चाळीसचा आकडा दोन चाळीस राहत नाही.

दुसरं, गाडी देशात आली कशी? प्रत्येक आयात गाडीला सीमाशुल्काचं बिल ऑफ एन्ट्री असतं. ते मागा, त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवून बघा. तुम्ही गिऱ्हाइकाला कास्टिंग देताना हीट नंबर आणि टेस्ट सर्टिफिकेट जोडता, त्याशिवाय तो माल उतरवून घेत नाही. इथं तुम्ही गिऱ्हाईक आहात, तेवढेच कडक राहा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीमाशुल्क विभागानं केरळमध्ये 'ऑपरेशन नुमखोर' राबवून भूतानमार्गे बेकायदा आल्याच्या संशयावरून महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या. त्यांच्या मालकांपैकी अनेकांनी गाड्या पैसे मोजून विकत घेतल्या होत्या. आणि शुल्काचा प्रश्न नामवंतांनाही चुकत नाही: २००२ मध्ये सचिन तेंडुलकरला भेट मिळालेल्या फेरारी ३६० मोडेनावरच्या शुल्कमाफीवरून किती वाद झाला ते तुमच्या-माझ्या वयाच्या माणसांना आठवत असेल. शेवटी ते शुल्क फियाट कंपनीनं भरलं.

तिसरं, गाडीची तब्येत. तपासणी विक्रेत्याच्या माणसाकडून नको, अधिकृत वर्कशॉपमध्ये, तुमच्या खर्चानं. चासी नंबरावरून सर्व्हिसचा पूर्ण इतिहास काढायला लावा. संगणक लावून जुने एरर कोड आणि लाँच कंट्रोल (उभी गाडी पूर्ण जोरानं सोडायची सोय) किती वेळा वापरला याची नोंद असेल तर ती वाचायला सांगा. कार्बन-सिरॅमिक ब्रेकच्या डिस्कची झीज डोळ्यांना कळत नाही. तिच्यावर किमान वजन किंवा जाडी कोरलेली असते, काढून मोजावी लागते. हा संच बदलायचा झाला तर खर्च लाखांत जातो. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ११ हजार चाललेल्या गाडीचे टायर मूळचेच असतील, नक्षी भरपूर दिसेल, पण रबर म्हातारं झालेलं असेल. समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा आहे, खाली तापलेलं काँक्रीट. तिथं म्हाताऱ्या टायरवर जायचं नाही.

मालक-पुस्तिकेत इंधनात किती टक्के इथेनॉल चालतं तेही बघा. आता पंपावर वीस टक्के मिश्रण मिळतं, २०१८ ची गाडी त्यासाठी बनलेली आहे असं गृहीत धरू नका. ९५ किंवा १०० ऑक्टेनचं पेट्रोल तुमच्या जवळ कुठल्या पंपावर नियमित मिळतं, याची चौकशी ९११ साठीही करून ठेवा.

फेरारीबद्दल थोडक्यात. नवी २९६ जीटीबी २०२२ मध्ये आली तीच पाच कोटी चाळीस लाखांना, ती विषयातच नाही. तीन कोटींत जुनी कॅलिफोर्निया किंवा नशीब असेल तर ४५८ मिळेल. ४५८ माझ्या मते या शतकातल्या सर्वांत देखण्या गाड्यांपैकी एक आहे, पण तिचं उत्पादन २०१५ ला संपलं. दहा वर्षांहून जुनी इटालियन गाडी कोल्हापुरात सांभाळणं हे पहिल्या गाडीचं काम नाही. मित्र चालवणार नाहीत, तुम्ही चालवणार आहात.

विम्यात झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांची घट न कापता भरपाई), रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची किंमत) आणि इंजिन प्रोटेक्ट (पाण्यानं बिघडलेल्या इंजिनाची भरपाई), तिन्ही घ्या. शिरोलीत कारखाना असणाऱ्याला शेवटच्याचं महत्त्व सांगायला नको. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं. साध्या पॉलिसीत पाणी शिरून बसलेल्या इंजिनाचा दावा बहुधा नाकारला जातो. गाडी उभी करायची जागा पूररेषेच्या वर असू द्या, कारखान्याच्या शेडमध्ये नको.

आता मुलाबद्दल, आणि हे मी गाडीपेक्षा जास्त तळमळीनं लिहितोय. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. पोर्शे टायकान, चालवणारा सतरा वर्षांचा, दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते जागच्या जागी गेले. त्या गाडीची कायमची नोंदणीसुद्धा पूर्ण झालेली नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. पण कायद्याच्या आधी ती दोन घरं डोळ्यांसमोर आणा. मुलाला आत्ताच, गाडी यायच्या आधी, समोर बसवून सांगा: अठरा होईपर्यंत किल्लीला हात नाही, आणि अठरा झाल्यावरही लगेच नाही. आधी घरातली साधी गाडी दोन-तीन वर्षं, घाटात, रात्री, पावसात. मग ट्रॅकवर प्रशिक्षण. मग तुम्ही शेजारी बसून. दुसरी किल्ली लॉकरमध्ये. चालक, मेकॅनिक, पाहुणे, मेहुणे यांनाही हाच नियम. तो तुमच्या घरात पाळला जाणार नाही असं वाटत असेल तर गाडीच घेऊ नका. ९११ नको, हुराकान नको, कुठलीच नको.

तुमच्यासाठीही ट्रॅक सुचवतो. कोइंबतूरजवळचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचं सर्किट, तिथं शिकवणी घेता येते. चारशेच्या आसपास अश्वशक्तीची गाडी जोरात ब्रेक मारल्यावर काय करते ते तिथं शिकायचं, आंबा घाटात नव्हे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १०० ची मर्यादा आहे आणि कॅमेरे आहेत. गाडीची खरी मजा त्या वेगातही येते, स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो तेवढ्यानंच.

राहिला रंग. पांढरा, काळा, करडा घेतला तर पुढं विकताना सोपं जातं असं दालनात सांगतील, आणि ते खरं आहे. तुम्ही मात्र २८ वर्षं थांबलेले आहात आणि विकायला घेत नाही. विसाव्या वर्षी मनात जो रंग होता तोच घ्या. फक्त गाडी घरी आणण्याआधी नाक, बॉनेट, आरशांची मागची बाजू आणि मागच्या चाकांपुढचा पट्टा यांवर चांगली पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म, बसवून घ्या, कारण सातारा-कागल रस्त्यावरची खडी पहिल्याच फेरीत रंगाचे टवके काढेल. फिल्मचा खर्चही त्या दहा टक्क्यांतच धरा.